काठावरची आई

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. तलावाची उथळ बाजू माझ्याकडे आणि खोल बाजू मास्तरांकडे. मास्तर मला 'बालवाडीच्या बाई' म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. त्यांच्याकडे ऐटीत उड्या मारणारं प्रत्येक पोर आधी माझ्या गळ्याला मिठी मारून, भोकाड पसरून, माझे केस उपटून मगच पुढे गेलेलं असतं.

भीती घालवायची माझी पद्धत साधी आहे. घाई करायची नाही, हसायचं नाही आणि 'पाणी खोल नाहीये' असलं खोटं बोलायचं नाही. आधी काठावर बसून नुसते पाय बुडवायचे. मग पायरीवर उभं राहायचं. मग फोमची फळी छातीशी धरून तरंगायचं, मग माझा हात धरून तलावाच्या मध्यापर्यंत यायचं. शेवटच्या धड्याला मी आईला समोरच्या काठावर बसवते. पोरानं माझा हात सोडून एकट्यानं तिच्याकडे जायचं. आईनं हात पुढे करायचा, पण ओढायचं नाही. आणि टाळ्या पोर काठाला लागल्यावरच वाजवायच्या. आधी वाजवल्या की त्याला वाटतं पोचलो, ते मध्येच हातपाय सोडतं आणि पाणी पितं. या नियमापायी मी कित्येक आयांवर खेकसले आहे.

अशा बाईची स्वतःची मुलगी झोपायला घाबरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण गोडाचा डबा कुठेही लपवला तरी ती शोधून काढते. नव्या घरात आलो आणि पाच वर्षांच्या मुंगीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली. त्या खोलीत आधीच्या भाडेकरूंनी सोडून दिलेलं एक लाकडी कपाट होतं. ते भिंतीला पुरतं टेकत नव्हतं. मागे झाडूचा दांडा जाईल एवढी फट राहायची. त्या फटीत काहीतरी आहे, असं मुंगीचं म्हणणं होतं.

एका रविवारी दुपारी नवऱ्यानं आणि मी मिळून ते कपाट ओढलं. त्यात त्याची कंबर धरली. मागे निघाला एक मोजा, एक बटण आणि बरीचशी धूळ.

"बघ बाई, आहे का कोणी?" नवरा म्हणाला.

"आत्ता ते मागे सरकलंय."

"मागे कुठे? मागे भिंत आहे."

मुंगीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू पाढे न येणारा मुलगा वर्गात उभा आहे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं पुटपुटत तो कंबर चोळत निघून गेला. तो छापखान्यात रात्रपाळीला असतो, त्यामुळे मुंगीला झोपवायचं काम माझंच. दिवा लावून झालं, दार उघडं ठेवून झालं, रागावून झालं. पोरगी रडून रडून झोपायची आणि शाळेत बाकावर डोकं टेकायची. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून मला भरून यायचं.

शेवटी मी माझीच पद्धत घरी आणली. आधी दारातून फटीकडे नुसतं बघायचं. मग खाटेवर बसून बघायचं. मग माझा हात धरून, बॅटरी घेऊन जवळ जायचं. 'तिथे काही नाही' असं मी एकदाही म्हटलं नाही. फक्त एका संध्याकाळी, सगळी मोठी माणसं म्हणतात तेच मी म्हणून गेले.

"अगं, तेच तुला घाबरत असेल. नाहीतर एवढ्याशा फटीत कशाला लपून बसेल?"

मुंगीनं बराच विचार केला. "मग त्याला पण शिकवायला पाहिजे."

"शिकव की. तू हो त्याची बाई."

त्या दिवसापासून तिची भीती पळाली. आता झोपायची वेळ झाली की तीच मला दिवा बंद करायला लावायची, 'त्याला सवय नाहीये' म्हणून. माझ्या पिशवीतली एक नवी फळी तिनं मागून घेतली. मी भांडी आवरत असायचे आणि तिच्या खोलीतून माझाच सूर कानावर यायचा. "आज फक्त बोटं. शाब्बास! आता घे आत." मला हसू आवरायचं नाही. मुलं बाहुल्यांना असंच शिकवतात, त्यातूनच ती धीट होतात. मी मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वा! गुरूची विद्या गुरूला." मुंगी गाढ झोपायला लागली, खायला लागली. मी किती खूश होते ते सांगून पटणार नाही.

मग एका सकाळी नवरा म्हणाला, "कपाट तू पुढे ओढलंस?"

"एकटीनं? मला काय वेड लागलंय?"

कपाट चांगलं हातभर पुढे आलं होतं. फरशीला उतार असेल, असं नवऱ्याचं मत पडलं. त्यानं मुंगीचा चेंडू फरशीवर ठेवून पाहिला. चेंडू जागचा हलला नाही. "लाकूड आहे, फुगलं असेल," असं म्हणून तो झोपायला गेला. मीही तेच धरून चालले. कपाट आम्ही पुन्हा मागे लोटलं नाही, आणि का लोटलं नाही हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

त्यानंतर एकदा केर काढताना खाटेखाली ती फळी सापडली. नवं पोर फळी किती घट्ट धरतं, ते तिच्या कडांवरून कळतं. फोममध्ये नखांच्या चंद्रकोरी उमटतात. या फळीच्या कडेला तशाच खुणा होत्या. मुंगीची नखं मी आदल्या दिवशीच कापली होती. शिवाय या खुणा आरपार गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणी घालताना मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मुंगे, ते आता कुठपर्यंत येतं गं?"

"दारापर्यंत. माझा हात धरून."

"कसा आहे त्याचा हात?"

"घाबरलेला," मुंगी म्हणाली. "पण आज शेवटचा धडा आहे. आज ते माझा हात सोडणार."

माझ्या हातातला पेड सुटला. शेवटचा धडा काय असतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"मग जाणार कुणाकडे? त्याची आई कुठंय?"

"त्याला आई नाहीये. म्हणून मी तुझं नाव सांगितलंय."

त्या दिवशी तलावावर माझं लक्ष नव्हतं. एका मुलीला मी पायरीवरच विसरले आणि मास्तरांनी शिट्टी मारून मला भानावर आणलं. घरी आले तोवर मी ठरवलं होतं. नवरा कामाला गेला, जेवणं झाली, आणि मी माझी उशी घेऊन मुंगीच्या खोलीत गेले.

"आज मी तुझ्याजवळ झोपते."

तिचा चेहरा पडला. "मग काठावर कोण बसणार?"

"आज धडा नको."

"मध्येच सोडलं तर ते परत फटीत जाईल. मग मला परत भीती वाटेल, आई." तिनं कपाटाकडे पाहिलं, अगदी सुरुवातीच्या दिवसांत पाहायची तसं, आणि माझा दंड घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती.

मला ते पाहवलं नाही.

"बरं," मी म्हटलं. "बसते मी काठावर."

मी माझ्या खोलीत आले. तिनं बजावल्याप्रमाणे दार उघडं ठेवलं, दिवा घालवला आणि खाटेवर आडवी झाले. दोन खोल्यांच्या मधे छोटासा बोळ आहे. त्यात काहीच दिसत नव्हतं.

तिच्या खाटेची कुरकुर झाली. छोटी पावलं दारापर्यंत आली. पावलं एकाच माणसाची होती.

"आता मी हात सोडतेय हं," मुंगी म्हणाली. "घाबरू नकोस. समोर आई आहे."

मी पोहायला शिकवणारी बाई. हात सोडून निघालेल्या पोराला काठ लागतो. मी हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही. बोळात आवाज नव्हता.

मी मनातल्या मनात स्वतःला हसायचा प्रयत्न केला. हात मागे घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही.

माझ्या गुडघ्यांपाशी गादीची कड किंचित दबली.

आणि तिकडे दारात उभ्या उभ्या मुंगी टाळ्या वाजवायला लागली.