दाराला न सापडलेली मुलगी

दारासमोर उभी असलेली मुलगी मुळात नाहीच, असं दाराचं म्हणणं होतं.

"शर्वाणी ठोसर, क्रमांक चारशे बारा. अशी व्यक्ती नाही," दार म्हणालं.

अकरा वर्षांच्या शर्वाणीनं स्वतःच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. चांगला दुखला. मग तिनं दाराला एक सणसणीत लाथ घातली. चंद्रावर लाथ घातली की घालणाराच मागं उडतो, त्यामुळे ती तरंगत जाऊन समोरच्या भिंतीला आदळली. दार जागचं हललं नाही. आत शाळा सुरू झाली होती आणि शर्वाणी सलग एकविसाव्या दिवशी बाहेर होती.

ही गोष्ट चंद्राच्या पोटातली. कधीकाळी लाव्हा वाहून गेल्यामुळे पोकळ झालेल्या एका लांबलचक बोगद्यात कपिला तळ वसला होता. तिथून साठ किलोमीटरवर गिरिजा तळ होता. तीन आठवड्यांपूर्वी चंद्रकंपानं (चंद्रावरच्या भूकंपानं) गिरिजाच्या भिंतीला तडा गेला आणि तिथली नऊ कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी कपिलावर आली. कपिलाच्या माणसांनी त्यांना गरम पिठलं वाढलं, झोपायला जागा दिली. पण तिथल्या दारांनी मात्र त्यांना ओळख द्यायचं साफ नाकारलं. शाळा, दवाखाना, न्हाणीघर, कुठंही जायचं तर कपिलाच्या कुणीतरी दार उघडून धरायला हवं. न्हाणीघरात जायला दुसऱ्याची विनवणी करावी लागते तेव्हा किती अपमान वाटतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा.

तळाचे व्यवस्थापक कुंभोजकर साहेब तसे वाईट नव्हते. फक्त डोळ्यांपेक्षा संगणकाच्या पडद्यावर त्यांचा विश्वास जास्त. त्यांनी फर्मान काढलं: यंत्रात नोंद नाही म्हणजे रहिवासी नाही. नऊही कुटुंबांनी शुक्रवारपर्यंत 'पाहुणा' म्हणून सही करायची, आणि पाहुण्यांनी रविवारच्या यानानं पृथ्वीवर जायचं.

शर्वाणीनं पृथ्वी फक्त आकाशात पाहिली होती. तिचा जन्म चंद्रावरचा. पृथ्वीवर तिचं वजन सहापट भरलं असतं, आणि तिथं उभं राहायला शिकण्यातच तिचं वर्ष गेलं असतं.

"सही करून टाकू गं शर्वू," आई म्हणाली. गिरिजावर अकरा वर्षं हवेच्या गाळण्या सांभाळणारी ही बाई आता भांडून भांडून थकली होती. "किती दिवस लोकांच्या दाराशी उभं राहायचं?"

"मी नाही करणार. तूही करायची नाहीस," शर्वाणी म्हणाली. "त्या कागदावर लिहिलंय, 'मी चंद्राची रहिवासी नाही.' खोटं आहे ते!"

ती तडक कुंभोजकरांच्या कचेरीत गेली. दार अर्थातच उघडेना, म्हणून बाहेरूनच ओरडली, "साहेब, मी नाही असं दाराला कुणी सांगितलं?"

कुंभोजकर बाहेर आले. "कुणी सांगायला कशाला हवं? दार निर्देशिकेला विचारतं." निर्देशिका (कोण, काय आणि कुठं, याची सगळ्या यंत्रांना विचारता येणारी मोठी यादी) हा शब्द त्यांनी देवाचं नाव घ्यावं तसा घेतला. "मी स्वतः माझ्या पडद्यावर शोधलं. नाहीस तू."

"मग तुम्ही आत्ता कुणाशी बोलताय?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते आत निघून गेले.

शर्वाणी मात्र हटली नाही. दाराला कसं शोधायचं हे कुणी शिकवलं, असं ती भेटेल त्याला विचारत सुटली. जो तो खांदे उडवी. "आधीपासून तसंच आहे," हेच उत्तर. तिला या उत्तराचा मनापासून राग आला, आणि मला विचाराल तर तो अगदी योग्य होता. शेवटी स्वयंपाकघरातल्या सुमित्रामावशींनी पोळी उलथता उलथता सांगितलं, "अगं, नाडगौडा आजोबांना विचार. त्यांनीच मांडलीत सगळी दारं."

नाडगौडा आजोबा निवृत्त संगणक-शास्त्रज्ञ होते. बोगद्याच्या टोकाला मेथीच्या वाफ्यांशेजारी राहायचे. त्यांच्या खोलीला दाराऐवजी साधा कापडी पडदा होता. शर्वाणी सरळ आत शिरली.

"तुमचं दार खोटं बोलतं," ती म्हणाली.

"बारा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही," आजोबा गुरकावले.

"एकवीस दिवस रोज चुकतंय. मी ही अशी उभी आहे."

आजोबांनी चष्म्यातून तिच्याकडे निरखून पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. मग त्यांनी मांडीवरची मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"बस. आईनं कधी जिरं आणायला पाठवलंय?"

"हो."

"आणि तू येऊन सांगितलंस, जिरं नाही?"

"वरच्या फळीवर नव्हतं. खालच्या फळीवर निघालं. मग बोलणी खाल्ली."

"दाराचंही तसंच होतंय. तू नाहीस असं त्याला खरं म्हणजे ठाऊकच नाही. त्यानं फक्त एक फळी बघितलीय." आजोबांनी पाटीवर एक झाड काढलं. बुंध्याशी लिहिलं 'चंद्र', एका फांदीवर 'कपिला', दुसरीवर 'गिरिजा'. "निर्देशिका अशी झाडासारखी असते. अख्ख्या चंद्राची एकच. दाराच्या आत एक छोटी आज्ञावली (यंत्राला काय करायचं ते सांगणारी सूचनांची मालिका) असते. स्वतःजवळ नावं ठेवत नाही, निर्देशिकेला विचारते. म्हणून तिला विचारक म्हण. पण विचारायचं कुठल्या यंत्राला? शोध कुठल्या फांदीपासून सुरू करायचा? उत्तराची वाट किती सेकंद बघायची? दर वेळी हे सांगत बसायला वेळ कुणाला आहे?"

"म्हणून एकदाच सांगून ठेवायचं?"

"बरोबर! त्याला म्हणतात डिफॉल्ट (आपण काहीच सांगितलं नाही तर यंत्र जे धरून चालतं ते)."

शर्वाणीनं झाडाकडे पाहिलं. "आणि दाराला तुम्ही 'कपिला'च्या फांदीपासून शोधायला सांगितलंय."

आजोबांनी पाटी खाली ठेवली.

"तेव्हा गिरिजा तळ नव्हताच," ते हळूच म्हणाले. "एकच फांदी होती. तिथूनच शोधलं की उत्तर झटकन मिळायचं. पुढं गिरिजा झाला, पण तिथलं कुणी इथं राहायला आलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. चूक माझी आहे, पोरी."

"मग बदला."

"दारांची किल्ली आता कुंभोजकरांकडे आहे. पण एक सांगतो. डिफॉल्टचा मान सगळ्यात शेवटी असतो. यंत्र आधी बघतं, समोरच्यानं आत्ता काय सांगितलंय. काही नसेल तर त्या माणसानं आपल्यापुरती काही मांडणी करून ठेवलीय का. तेही नसेल तरच डिफॉल्ट."

"म्हणजे मी दाराला सांगू शकते, बुंध्यापासून शोध म्हणून?"

"छे! दारानं कुणाचंही ऐकलं तर चोराचंही ऐकेल. दाराला तशी मुभा नाही. पण चौकातला चौकशीचा पडदा आहे ना, तिथं कुणीही काहीही विचारू शकतं."

शुक्रवारी संध्याकाळी चौकात टेबल मांडलं होतं. टेबलावर नऊ कागद आणि एक पेन. कुंभोजकरांनी पेन शर्वाणीच्या आईपुढे केलं. आईनं ते घेतलंही.

"थांब आई!" शर्वाणी चौकशीच्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "शोध. क्रमांक चारशे बारा."

"अशी व्यक्ती नाही," पडदा म्हणाला.

"बघा!" कुंभोजकर म्हणाले.

"आता बुंध्यापासून शोध. चंद्रापासून, सगळ्या फांद्या. क्रमांक चारशे बारा."

पडदा दोन सेकंद थांबला. ते दोन सेकंद आईनं पेन तसंच हातात धरून ठेवलं.

"शर्वाणी ऋजुता ठोसर. गिरिजा तळ. जन्म चंद्रावर. रहिवासी, अकरा वर्षं."

चौकात एकदम गलका झाला. आईनं पेन टेबलावर ठेवलं. मागची आठही कुटुंबं पडद्यापुढे रांग लावून उभी राहिली आणि एकेकानं आपला क्रमांक सांगितला. एकही चुकला नाही. शर्वाणीला राहवलं नाही. तिनं कुंभोजकरांचाही क्रमांक विचारून घेतला आणि पडद्याला सांगितला.

"आगमन पृथ्वीवरून. रहिवासी, तीन वर्षं," पडदा म्हणाला.

"मग साहेब, पाहुणे कोण?" शर्वाणीनं विचारलं. लोक खो खो हसले. कुंभोजकर आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आलं. पण हसू ओसरल्यावर त्यांनी खरी अडचण सांगितली.

"बारा वर्षं कुणी हात लावला नाही त्या मांडणीला. बदलताना काही बिघडलं आणि हवा आत राखणारं बाहेरचं दारच अडलं तर?"

"भीती रास्त आहे," नाडगौडा आजोबा पुढे येत म्हणाले. "म्हणून सगळी दारं एकदम बदलायची नाहीत. आधी एकच बदलू, शाळेचं. जुनी मांडणी जपून ठेवू, म्हणजे गडबड झाली तर परत लावता येईल. झाड मोठं, म्हणून वाट बघायचे सेकंद थोडे वाढवू. आणि शोध क्रमांकानंच ठेवू, नावानं नको, कारण दोन तळांवर एकाच नावाची माणसं असणारच; क्रमांक मात्र चंद्रभर प्रत्येकाचा वेगळा."

कुंभोजकरांनी किल्ली काढली. सगळा जमाव शाळेच्या दाराशी गेला. मांडणी बदलली. शर्वाणी पुढं झाली आणि दार काही न बोलता उघडलं. तिच्यामागून आई आत गेली आणि पोरांच्या बाकावर बसून ढसाढसा रडली. सोमवारपर्यंत उरलेली सगळी दारं बदलून झाली. रविवारचं यान एकाही कुटुंबाला न घेता परत गेलं होतं.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या तळाचं खोदकाम सुरू झालं. तिथल्या दारांची मांडणी करायला आजोबांनी शर्वाणीला शेजारी बसवून घेतलं. तिनं पहिली गोष्ट बदलली ती दाराचं बोलणं. 'अशी व्यक्ती नाही' खोडून तिनं लिहिलं, 'मला सापडली नाही. मी फक्त इथवर शोधलं.' आणि त्यापुढे कुठवर शोधलं तेही दारानं सांगायचं.

मग ती प्रत्येक डिफॉल्टशेजारी काहीतरी लिहू लागली. आजोबांनी वाकून वाचलं. 'हे शर्वाणी ठोसर हिनं ठरवलं. कारण असं असं. राहते कपिला तळावर, खोली सतरा.'

"पत्ता कशाला गं?" आजोबांनी विचारलं.

"उद्या माझंही चुकेल ना आजोबा," शर्वाणी लिहिता लिहिता म्हणाली. "भांडायला कुठं यायचं ते त्यांना कळायला नको?"