डावं बटण

खुंटी रिकामी दिसत असताना दार का लावलं?

एवढंच मी विचारत होतो. मालकाला विचारलं, फौजदाराला विचारलं, मुकादमाला तर त्याच्या घरासमोर उभं राहून ओरडून विचारलं. मालक म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं." फौजदार म्हणाला, "अपघात आहे, इथे सही कर." मुकादमाने खिडकी लावून घेतली.

आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर नीट सांगतो. दिवा जरा जवळ घ्या, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल.

आमचं काम कोल्डमध्ये. गोठवलेल्या मासळीचे खोके ठेवायची ती मोठी खोली. भिंती पत्र्याच्या, दार वीतभर जाड, दारातून आत शिरलं की प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. आत मासळीचा वास येत नाही, गोठलेला वास येतो, नाकात सुई गेल्यासारखा. बाहेर भिंतीवर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा जाड कोट. आत जाताना कोट घालायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस आत. संध्याकाळी कडी घालणाऱ्याने आधी खुंट्या बघायच्या. नव्या हमालाला पगार सांगायच्या आधी हे सांगतात.

त्या संध्याकाळी माझ्या दादाची खुंटी रिकामी होती. कडी मुकादमाने घातली. आतून दार ढकलायची दांडी कधीचीच मोडली होती. सकाळी दार उघडलं तेव्हा दादा पट्ट्यांच्या पडद्याशी बसलेला होता, गुडघे पोटाशी घेऊन. मुठीत मोबाईल. ती मूठ सोडवायला दोघं लागले.

तो मोबाईल म्हणजे त्याचा जीव की प्राण. आमच्या गल्लीत कॅमेऱ्याचा मोबाईल पहिल्यांदा त्याने आणला. साबणाच्या वडीएवढा. मागच्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढी काच आणि तिच्या शेजारी नखाएवढा आरसा, स्वतःचा फोटो काढताना तोंड नीट येतंय का ते बघायला. फोटो काढला की खट् असा आवाज व्हायचा. फोन मुका करून ठेवला तरी तो आवाज काही बंद व्हायचा नाही. लोक दचकायचे आणि दादाला त्याचीच मजा वाटायची.

फोटो मावायचे मात्र मोजकेच. जागा संपली की पडद्यावर कचऱ्याचा डबा यायचा आणि त्याच्याखाली इंग्रजीत एक प्रश्न. मी शाळा लवकर सोडली, इंग्रजी माझ्या डोक्यावरून जातं. दादाने शिकवलं होतं, "डबा आला की तो विचारतोय, जुना फोटो पुसून नवा ठेवू का? डावं बटण म्हणजे हो, उजवं म्हणजे नाही. आणि येड्या, तू आपलं उजवंच दाबत जा. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

त्यात होतं काय? खिडकीतलं मांजर. तोंड उघडं टाकून झोपलेला मी. बादली घेऊन अंगावर धावून येणारी आई.

"मेल्या, केस तरी विंचरू दे!" आई ओरडायची.

"तू विंचरेपर्यंत बॅटरी उतरेल," दादा म्हणायचा.

आणि एक त्याचा स्वतःचा, त्या आरशात बघून काढलेला. एक कान चौकटीच्या कडेला कापला गेलेला, दात दाखवून हसतोय. घरात त्याचा मोठेपणीचा दुसरा फोटो नव्हता. फोटो काढणारा तोच, मग त्याचा कोण काढणार?

मरायच्या आदल्या रात्री जेवताना त्याने मला सांगितलं होतं. सगळे घरी गेल्यावर मुकादम खोके काढून टेम्पोत भरायचा आणि आळ यायचा हमालांवर. मी ताटावरून उठलोच. म्हटलं, "चल, आत्ता जाऊन त्याची गचांडी धरू."

दादाने मला हाताला धरून खाली बसवलं. "तुझी आधी लाथ निघते, मग डोकं चालतं. मी फोटो काढतो. फोटोला कोण खोटं म्हणेल?"

फौजदाराने फोन पिशवीत घालून दिला. म्हणाला, "थंडीने गेलाय. चालायचा नाही." मी घरी येऊन तो काखेत धरून भिंतीकडे तोंड करून पडलो. दुसरं काही सुचतच नव्हतं. बऱ्याच वेळाने काखेत काहीतरी थरथरलं. फोन आपोआप चालू झाला होता.

शेवटचे फोटो नुसते काळे होते. काळा, त्याच्यापुढे काळा, पुन्हा काळा. आत रेंज येत नाही. कोणीतरी ऐकावं म्हणून तो अंधारात खट् खट् करत बसला असेल. जागा संपल्यावर कचऱ्याचा डबा आला असणार. त्याने नाही म्हटलं असणार, कारण घरचा एकही फोटो पुसलेला नव्हता. आणि काळ्या फोटोंच्या आधी एक फोटो होता. पट्ट्यांच्या फटीतून काढलेला. हातात खोका घेतलेला माणूस, मागे टेम्पो.

मी तसाच मालकाच्या टेबलावर फोन आपटला. मालकाने फोटो मोठा केला. मोठा केला तसे नुसते चौकोन झाले. तोंडाच्या जागी चार करडे चौकोन.

"हा कोणीही असू शकतो," मालक म्हणाला. "माझा मेहुणाही असाच दिसतो."

मुकादम शेजारीच उभा होता. हसला. "खेळणं आहे ते, पोरा. लपून फोटो काढायला गेलं तर गावभर आवाज करतं."

मी त्याच्याकडे बघितलं. "लपून काढला, हे तुला कोणी सांगितलं?"

त्याचं हसू तिथेच थिजलं. मी त्याच्या गळ्याला हात घातला. दारात उभ्या असलेल्या टोपीने मला कमरेला धरून मागे ओढलं नसतं, तर त्याच दिवशी निकाल लागला असता. टोपी म्हणजे दादाचा जोडीदार, भर उन्हातसुद्धा कानटोपी घालतो म्हणून ते नाव. बाहेर आणून मला म्हणाला, "धाकल्या, तू आत गेलास तर आईकडे कोण बघेल?"

हमाल बिथरले होते म्हणून मालकाने मोडकी दांडी बदलली आणि दादाची जागा मला दिली. माझं तोंड बंद राहावं म्हणून त्याने दिली. मुकादम डोळ्यांसमोर राहावा म्हणून मी घेतली.

मग ते सुरू झालं.

दिवेलागणीची वेळ होती. फोन बंद करून आईने पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, पेटीला कुलूप. मी चपला काढत होतो. पेटीतून आवाज आला. खट्.

आई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिने किल्ली दिली. पेटी उघडताच कोल्डमधल्या अमोनियाचा झणका नाकात गेला. फोन चालू होता आणि इतका गार, की बोटं चिकटली. एक नवा फोटो होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला मुकादम, मागून, पलीकडच्या भिंतीपासून काढलेला. आणि काळ्यांपैकी एक फोटो कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर टोपी सहज म्हणाला, "मुकादम काल हजामतीला बसला होता, अर्धीच करून पळत सुटला. वस्तरा लागला की काय त्याला!"

त्यानंतर फोटो येतच राहिले. मुकादम जिना चढताना. मुकादम जेवताना, घास हातात, दाराकडे बघत. दर फोटोत अंतर कमी. आधी आख्खी पाठ दिसायची, मग खांदा, मग नुसता कान आणि कानामागचा घाम. आणि आता चौकोन नव्हते. त्या फोनला जमायला नको इतके ते फोटो लख्ख होते, केस न् केस मोजून घ्यावा असे.

काळे फोटो संपले. मग मांजर गेलं. मग झोपलेला मी गेलो.

"आता पुढचा माझाच," आई म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती. संध्याकाळ झाली की ती पेटीजवळ येऊन बसायची, कोणाची तरी वाट बघावी तशी. तिचा बादलीवाला फोटो गेला त्या दिवशी मी सांगायला घाबरत होतो. तिनेच विचारलं.

"गेला?"

"हो."

"जाऊ दे. माझं मेलीचं काय बघायचंय." मग हळूच, "त्याचा?"

"आहे अजून."

तिने फोन हातात घेतला, दादाच्या फोटोवरून अंगठा फिरवला, आणि परत पेटीत ठेवला.

कामावर मुकादमाची दशा बघवत नव्हती. मी मात्र पोटभर बघत होतो. बोलता बोलता तो गर्रकन मागे वळायचा. "कोण फोटो काढतंय रे?"

टोपी म्हणायचा, "तुमचा फोटो काढून करायचं काय मुकादम? उंदरांना घाबरवायला लावायचा?" सगळे हसायचे. मुकादम हसायचा नाही. दाढी वाढली होती, डोळे लाल. भिंतीला पाठ लावल्याशिवाय कुठे उभाच राहायचा नाही.

एकदा हात धुवायच्या नळावर त्याने मला गाठलं. आवाज अगदी खाली. "पोरा… तो फोन मला दे. काय हवं ते माग… पण तो दे."

"दादाची खुंटी रिकामी होती. दार का लावलं?"

त्याने ओठ उघडले. खरंच सांगणार होता, मी शपथेवर सांगतो. पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. खट् असा आवाज झाला, माझ्या कानाशी. मुकादमाने तोंड मिटलं ते मिटलंच. मी मागे बघितलं. नळ, ओली फरशी आणि रिकामी भिंत.

त्या संध्याकाळी पेटीतला फोटो बघितला तर फोटोत दोन माणसं होती. मुकादम समोर, आणि कडेला माझा कान.

आता दादाच्या त्या एका फोटोशिवाय घरचं फोनमध्ये काहीच उरलं नव्हतं.

सकाळी मी कामाला निघालो तर आई दारात उभी. रात्रभर झोपली नव्हती. तिने फोन कापडाने स्वच्छ पुसून माझ्या खिशात घातला आणि वरून खिसा थोपटला, मी लहान असताना डबा देऊन थोपटायची तसा.

"मी बघून घेतलं," ती म्हणाली. "पोटभर बघून घेतलं. आता तू जा."

भर दुपार होती. जेवणं उरकून हमाल बाहेर सावलीत आडवे झाले होते. ऊन मी म्हणत होतं. आत यंत्रांची घरघर चालू, बाकी चिटपाखरू नाही. मी खोके रचायच्या पाट्या आणायला कोल्डपाशी गेलो तर मुकादम दारासमोर उभा. त्याच्या पाठीमागे भिंत नव्हती, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. बंद दाराकडे बघत होता.

आतून आवाज आला. खट्.

"ऐकलंस?"

"नाही," मी म्हणालो. ऐकलं होतं.

"आत आहे… आत बसलाय तो…" त्याने कोपऱ्यातली सळई उचलली. "फोडतो. आज एकदाचा फोडूनच टाकतो." दार ओढून तो आत गेला. पट्ट्या सळसळल्या आणि दार आपल्याच वजनाने सावकाश मिटलं.

मी कडी घातली नाही. कडीला हातही लावला नाही. टोपी आला तेव्हा कडी उघडी होती, त्याने तसं फौजदारालाही सांगितलं. आतली नवी दांडी लहान पोराने ढकलली असती तरी दार उघडलं असतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या थोड्या वेळात थंडीने माणूस मरत नाही. बाहेर काढलं तेव्हा मुकादमाच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. डोळे उघडे होते. दोन्ही हात तोंडापुढे आडवे धरलेले, फोटो नको म्हणणारा माणूस धरतो तसे. ते हात कोणालाच खाली करता आले नाहीत, तसेच्या तसे नेले.

पण हे नंतरचं. त्या वेळी मी दारासमोर उभा होतो आणि खिशात फोन थरथरला.

बाहेर काढला. गारठ्याने तळहात भाजला, तरी सोडला नाही. पडद्यावर दादाचा फोटो होता आणि त्यावर कचऱ्याचा डबा, खाली तो प्रश्न. इतके दिवस ही उत्तरं फोन आपली आपणच देत आला होता. आज थांबला होता.

आतून दारावर मुठी बसल्या. इतक्या जाड दारातून आवाज येतो तो विहिरीतून आल्यासारखा.

"पोरा… उघड… दांडी हलत नाहीये…"

मी उभाच.

"हा समोर बसलाय… काही बोलत नाही… हा श्वास का घेत नाहीये? पोरा… हा श्वास का घेत नाहीये…"

मला माहीत होतं. फोटो काढताना हात हलू नये म्हणून दादा श्वास रोखून धरायचा. फोटो निघेपर्यंत सोडायचा नाही.

मी फोनकडे बघितलं. त्या फोटोत दादा दात दाखवून हसायचा, जन्मभर हसायचा. आता हसत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, गाल आत ओढलेले, डोळे माझ्यावर. थांबला होता. माझ्यासाठी खोळंबला होता.

मुठी थांबल्या. यंत्रांची घरघरही मला ऐकू येईना.

मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला. कापलेला कान, भुवईवरचा व्रण, कपाळावरचे केस. अंगठा इतका बधिर झाला होता की दुसऱ्या हाताने धरून तो बटणावर आणावा लागला.

"दादा," मी म्हणालो, "सोड आता श्वास."

आणि डावं बटण दाबलं.