काय म्हणून हाक मारू?

मला थांबणं जमत नाही, हे आधीच सांगते. चहा उकळेपर्यंत मी तीनदा झाकण उचलून बघते. आणि त्या दिवशी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला मी सकाळपासून ट्रायपॉड रोवून उभी होते... धुक्यात समोरचा कडा काही दिसेना.

ओतूरला माझा स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढून वैतागले होते, तेवढ्यात पुण्याच्या एका कॅलेंडरवाल्यांनी श्रावणाच्या पानासाठी या कड्याचा फोटो मागितला. अटी दोनच. त्याच दिवशी पाचच्या आत पाठवायचा, आणि फोटोत माणूस नको.

माणूस मात्र बरोब्बर मधोमध, वाकून भात लावत होता.

"अहो दादा, जरा बाजूला होता का?"

तो झाला बाजूला. नाव ऋतिक. तो आणि त्याची आई लंकाबाई, दोघांचीच लावणी चालली होती. सर आली तशी माझी धांदल उडाली, तर या बाबानं स्वतःच्या पाठीवरचं पानांचं इरलं काढून माझ्या कॅमेऱ्यावर धरलं. स्वतः चिंब! वर मलाच शिकवतो, मॅडम, चिडून धुकं हटत न्हाई, वारा खालनं वर आला की कडा पाच मिनिटं उघडतो. मग दर सरीला मी काच पुसायची, उजेड बदलला की सगळं पुन्हा जुळवायचं, आणि त्यानं केस निथळत हसायचं. दुपारपर्यंत माझं लक्ष कड्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त. कुठून याला दादा म्हटलं, असं झालं मला.

पावणेपाचला वारा फिरला. ऋतिक नुकताच परत खाचरात उतरला होता. आणि कडा उघडला — हिरवागार, ओला, धबधब्यांसकट. मधोमध ऋतिक.

मी तोंड उघडलं. 'दादा' ओठांवर आलं... गिळलं. ऋतिक म्हणू? लंकाबाई बांधावरच होत्या. नुसतं 'अहो' म्हणू? अगंबाई, ते तर भलतंच!

माझं ठरेपर्यंत धुक्यानं सगळं पुसून टाकलं. श्रावणाचं पान गेलं.

तो धावत आला. "हाक का न्हाई मारली? सरकलो असतो की."

"दादा म्हणायचं नव्हतं मला."

तो हातावरच्या चिखलाकडे बघत राहिला. कान लालबुंद झाले होते.

"मग नको म्हणू," तो हळूच म्हणाला. सकाळपासूनची मॅडम कुठच्या कुठे गेली होती.

"कडा परत उघडेल?"

"उघडंल. पण पाच वाजत आलं... आता कशाला थांबती?"

मी ट्रायपॉडचे पाय चिखलात आणखी खोल दाबले.

"थांबते," मी म्हटलं.