हिरव्या दिव्याचा खोटेपणा

"सलोनी, तुमचा तो दिवा बिघडलाय बहुतेक!" मुंबईहून सुट्टीला आलेली आरोही जेटीवर धापा टाकत आली आणि तिने मोबाईल सलोनीच्या नाकासमोर धरला. "बघ! वादळी वाऱ्याचा इशारा. होड्यांनी ताबडतोब परत फिरावं म्हणतायत. आणि तुमचा दिवा मात्र हिरवागार!"

सलोनीने मान वर केली. नाटे गावच्या जेटीवरच्या उंच खांबावर तो दिवा लावलेला होता. हिरवा म्हणजे खुशाल मासे धरा, लाल म्हणजे जाळं आवरा आणि घर गाठा. खांबाखालच्या डब्याला मच्छीमार सोसायटीच्या वायफायवरून इशारा मिळायचा, की दिवा आपोआप रंग बदलायचा. दिवा बसवल्यापासून होड्या हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांनीसुद्धा आभाळाकडे बघणं सोडून दिलं होतं.

सूर्य मावळायला आला होता. नैर्ऋत्येला शाईसारखं काळं काहीतरी साचत होतं. आणि त्या काळ्याच्या अलीकडे होड्यांचे ठिपके दिसत होते. त्यांतली एक सलोनीच्या बाबांची होती!

"मोरूकाका, दिवा चुकतोय!" ती ओरडली.

जाळं विणत बसलेल्या मोरूकाकांनी मानसुद्धा वळवली नाही. "कशाला घाबरतंस गो? दिवा हिरवा हाय ना? मग झालं! मुंबयचा मोबाईल, मुंबयचं वादळ!"

वर ते स्वतःच्याच विनोदावर हसले. सलोनीला त्यांचा भयंकर राग आला.

"इकडे ये, ताई!" तिचा धाकटा भाऊ दीपेश खांबाखाली उकिडवा बसला होता. "डब्यावरचा निळा ठिपका लुकलुकतोय!"

सलोनीला आठवलं. डबा बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, की ठिपका स्थिर असेल तर डबा नेटला जोडलेला, लुकलुकला तर जोडला जात नाहीये. म्हणजे इशारा डब्यापर्यंत पोहोचलेलाच नव्हता! शेवटचा निरोप हिरवा होता, आणि दिवा तोच धरून बसला होता.

"सोसायटीचं नेटच बंद असेल," दीपेश म्हणाला.

"मग अजिंक्यदादा मॅच कशावर बघतोय?" आरोहीने सोसायटीच्या ओसरीवर बसलेल्या आपल्या भावाकडे बोट केलं.

तिघं तिकडे धावली. आरोहीचा मोबाईल झटक्यात वायफायला जोडला गेला. म्हणजे नेट होतं. पासवर्डही बरोबर होता. मग बिचाऱ्या डब्याचंच घोडं कुठे अडलं होतं?

"दादा," सलोनीने विचारलं, "सुट्टीला आलास तेव्हा तू इथे नवीन राउटर लावलास ना? काय काय बदललंस?"

"काही नाही गं! नाव तेच, पासवर्ड तोच." अजिंक्यची नजर मॅचवरून हलेना. "राउटरच्या दोन लहरी असतात, एक मंद आणि एक वेगवान. मंदवाली बंद करून टाकली. आता बघ, मॅच कशी पळते!"

"आणि डबा? तो तर जुना आहे. त्याला वेगवान लहर कळते?"

अजिंक्यचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा! त्याला फक्त मंदच कळते! थांब, आत्ता चालू करतो..."

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, ओसरीवरचा पत्रा खडखडला आणि गावातली वीज गेली! राउटर मेला. जेटीवर अंधारून आलं. डबा आणि दिवा उन्हावर चार्ज झालेले होते; हिरवा दिवा तेवढा शांतपणे जळत होता. समुद्रावरचा एकही ठिपका वळला नव्हता.

दीपेश रडायलाच लागला. सलोनीलाही रडू येत होतं, पण रडून काय बाबा परतणार होते?

"डबा नेट कशावरून ओळखतो?" तिने एकदम विचारलं.

"नावावरून आणि पासवर्डवरून," अजिंक्य पुटपुटला.

"मग आरोहीच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावू! त्याला सोसायटीचंच नाव देऊ, पासवर्डही तोच! डब्याला वाटेल, राउटरच आलाय!"

अजिंक्य बघतच राहिला. "आणि हॉटस्पॉट मंद लहरीवर ठेवायचा! पळा!"

खांबापाशी उभं राहवत नव्हतं, इतका वारा सुटला होता. आरोहीने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ठिपका लुकलुकत राहिला. "जोड ना रे," सलोनी डब्याला हात जोडून म्हणाली. ठिपका विझला... आणि निळा, स्थिर उजळला!

वर दिवा लाल झाला!

मोरूकाकांच्या हातातलं जाळं गळून पडलं. सगळे समुद्राकडे बघत होते. आधी एक ठिपका वळला, मग दुसरा, मग सगळे.

शेवटची होडी धक्क्याला लागली, तेव्हा लाटा जेटीवर चढत होत्या. बाबा चिंब भिजले होते. मोरूकाका पुढे झाले आणि खालच्या मानेने म्हणाले, "पोरांनी वाचवलान रे तुमका. मी हसत बसलंय." अजिंक्यने तर सगळ्यांसमोर कान पकडले. आरोही आणि दीपेशला कुणीतरी खांद्यावर घेतलं.

बाबा मात्र सलोनीपाशी आले.

"ढग मलाही दिसत होते गो," ते हळूच म्हणाले. "पण दर वेळी दिवा बघायचो, तो हिरवा! म्हणून जाळं टाकतच राहिलो."

त्यांनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. घरी पोहोचेपर्यंत सलोनीने तो सोडला नाही.