लाल पट्ट्यातला माग

सातारा डोंगराच्या पाठीमागच्या खदानीत सोनाजी पहार चालवायचा. वाळूजला कारखान्यांचं नुसतं पीक आलं होतं, रस्त्यांना खडी पुरत नव्हती, आणि उरलीसुरली मेंढरं विकून बसलेल्या धनगराला दुसरं काम तरी कोण देणार! ठेकेदारानं दिलेल्या जाड बुटांचा त्याला भारी तोरा. उजवी टाच झिजली, तर त्यानं तिथं स्कूटरच्या टायरचा तुकडा ठोकून घेतला होता.

डोंगर थराथरांचा. वर काळा पाषाण, मधे लाल पट्टा, खाली परत काळा. एकदा दगड तपासायला आलेल्या साहेबानं चहा पिता पिता सांगितलं होतं, की काळा दगड म्हणजे जमिनीतून उसळून थिजलेला तापला रस, आणि लाल पट्टा ही दोन रसांच्या मधल्या काळातली भाजलेली माती. तेव्हा पृथ्वीवर माणूस सोडा, मेंढरूसुद्धा नव्हतं. सोनाजीनं मान डोलावली. साहेब भला होता, उगाच वाद कशाला.

एका दुपारी सुरुंग उडाला, धूळ बसली. वरचा काळा थर घसरून खाली आला होता आणि लाल पट्टा अंगणासारखा उघडा पडला होता. त्यावर मेंढरांचे खूर उठले होते. एक मेंढी मागचा पाय ओढत गेलेली. पुढं काठीची भोकं, अनवाणी पावलं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

सोनाजीनं पहार खाली टाकली. ते पाऊल त्याच्या धाकट्या भावाचं, मुंजाबाचं! नामांतराच्या दिवसांत सडकेवर एसट्या जळत होत्या, म्हणून पोरगा कळप घेऊन डोंगरातून पैठणकडं निघाला, तो गेलाच. ना मेंढरू सापडलं, ना काठी. सोनाजीची बायको सखूबाई अजून दिराच्या नावाची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची.

धनगरात एक शिरस्ता आहे. चुकल्या जितराबाचा माग काढताना कडेकडेनं चालायचं, मागावर पाय द्यायचा नाही. देईल तो त्यातच चालत राहतो म्हणतात. सोनाजीनं जन्मभर तो पाळला. पण त्या दुपारी भान कुठलं! भावाच्या पावलावर त्यानं बूट ठेवला, नुसतं माप बघायला. दगड विटेसारखा कडक होता.

संध्याकाळी सखूबाईनं ऐकलं नि तिच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला.

"मागावर पाय दिला तुमी?"

"बूट व्हता पायात."

"बूट काय नि पाय काय! उद्या जाऊ नका. तुमाला माझी आण हाय."

"मुंजा हाय तिथं, सखू. लई वर्सांनी गावलाय."

सकाळी तिनं भाकरी बांधून दिली, आणि दिराच्या वाटणीचीही त्यातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कडुबा सुरुंगवाल्यानं पुढचा थर उडवला. माग डोंगरात आत चालला होता. कडुबा वाकला.

"सोनाजी, आरं, ह्यो तुझा बूट हाय का?"

मुंजाबाच्या पावलांशेजारी बुटाचे ठसे होते. उजव्या टाचेला टायरची नक्षी.

"कवा गेल्तास आत?"

"म्या नाय गेलो."

कडुबा दोन पावलं मागं सरला. सोनाजी मात्र हसला. त्याला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होती माया. पोरगं एकटं नव्हतं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग सखूबाईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. त्यानं बूट काढले, कडुबाच्या हातात दिले.

"बांध यास्नी गाठोड्यात. घरी नेतो. उद्यापासनं माझी खदान बंद."

"आन आत्ता?"

"आत्ता एवढा एक उडव."

आरोळी झाली. सुरुंग उडाला. डोंगर जरासा हलला.

धूळ बसायला वेळ लागला.

लाल पट्ट्यावर बुटांचे ठसे एका जागी थांबले होते, शेजारी शेजारी, कुणी नीट काढून ठेवावेत तसे.

तिथून पुढं दोघंही अनवाणी.

"सोनाजी, मागं फीर," कडुबा ओरडला.

सोनाजी मागाच्या कडेकडेनंच आत चालला होता. फक्त पायाखालचा दगड आता कडक लागत नव्हता. माती ओली होती, कोमट होती, आणि बोटांच्या मधून वर येत होती.