आठवं ऊन

तिसरं ऊन

"बाय…"

फाटकाशी हाक आली आणि इनेझच्या हातातलं, उलटायला उचललेलं केळं निसटून मातीत पडलं… कारण त्या सुरात 'बाय' म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि वर्षापूर्वी फोनवर एक वाक्य बोलून त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं!

एरॉल. तिचा धाकटा भाऊ. खांद्यावर निळी बॅग, नखांच्या कडांना साबणानं न जाणारं काळं.

"पप्पांच्या वर्षाची मिस्सा रविवारीच ना?" त्यानं विचारलं.

"हो. साडेसातची. जेवलास?"

"गाडीत खाल्लं." त्यानं कामट्यांच्या मांडवावर पसरलेल्या केळ्यांकडे पाहिलं. "कितवं ऊन?"

"तिसरं."

एवढंच. सहा वर्षांनी घरी आलेल्या भावाशी एवढंच बोलणं!

राजेळी केळी सोलून सात उन्हं द्यायची, रोज उलटायची, दिवस मावळला की झाकायची आणि आठव्या दिवशी सकाळी सुक्या पानात गुंडाळून केळीच्या सोपटाच्या पिळलेल्या दोरानं पुड्या बांधायच्या… होळी गावातल्या या वाडीत सुकेळी तीन पिढ्या अशीच होत आली. इनेझ सगळं करायची. बांधायचे मात्र पप्पा, सिप्रियन. ती डावखुरी, तिचा पीळ उलटा पडायचा. "गिऱ्हाईक पुडी घेताना माझा हात बघून घेतं," सिप्रियन म्हणायचे, आणि तिनं बांधलेली पुडी सोडून पुन्हा बांधायचे.

ढगाळ

शुक्रवारी ऊन पडलं नाही. असा दिवस मोजायचा नाही.

मोजायचे नाहीत असे दिवस इनेझकडे पुष्कळ होते.

एरॉल वीस वर्षांचा होता आणि त्याला कोइमतूरला जायचं होतं, रेसच्या गाड्यांच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून, तो दिवस. "इंजिनाला तेल लागतं, केळीला माणूस लागतं," पप्पा फाटकात आडवे उभे राहून म्हणाले होते, "गेलास तर मला मुलगा नाही." तो गेला. पप्पांनी त्यानंतर त्याचं नाव घेतलं नाही. जेवताना नाही, प्रार्थनेत नाही.

उमेळ्याचा मायकल शेवटचं विचारायला आला, तो दिवस. "आणखी किती थांबू, इनेझ?" ती म्हणाली होती, पप्पा एकटे आहेत… तो दोन वर्षं थांबला होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

आणि एरॉलच्या तिकडच्या पहिल्या हंगामाचा तो दिवस, जेव्हा फोनवर एरॉल रडत होता, इथं भाषा कळत नाही, नुसते टायर पुसायला लावतात, मी परत येतो म्हणत होता… आणि इनेझ म्हणून गेली होती, "वेडा आहेस का? पप्पांनी तुझ्यासाठी पुडी बांधून ठेवलीय. बोलत नाहीत, पण बांधली त्यांनी."

तिनं पप्पांच्या पाठीमागे पुडी बांधली आणि पाठवली. मग दर वर्षी. तिकडून फोन यायचा, "पप्पांना सांग, आमची गाडी तिसरी आली!" ती म्हणायची, "सांगते." आणि केळीच्या खुंटांना सांगायची.

मग पप्पा आजारी पडले. खाटेवरून म्हणाले, "त्याला बोलावू नको." दोनदा म्हणाले. इनेझनं बोलावलं नाही. माती झाल्यावर कळवलं.

"त्यांनी मला माफ केलं होतं, बाय," एरॉल तेव्हा म्हणाला होता. "आणि तू मला त्यांचं तोंडही बघू दिलं नाहीस!"

तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तिनं वर्षभर गिळलं.

चौथं ऊन

केळी उलटली. एरॉलनं विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकला आणि कुणाला न विचारता पंप खोलून बसला. संध्याकाळी पंप मुकाट्यानं पाणी ओढत होता.

पाचवं ऊन

मिस्सा संपली. चर्चच्या पायऱ्यांवर सुझानमावशीनं एरॉलला गाठलंच.

"आलास बाबा! मला वाटलं, आमच्या उमेळ्यापेक्षा ते कोइमतूर फारच लांब असेल. बापाच्या मातीला नाही, वर्षाच्या मिस्सेला तरी आलास!"

"मावशी," इनेझ मध्ये पडली, "मीच त्याला उशिरा कळवलं. त्याचा दोष नाही."

"तू? आणि का गं?"

"विसरले."

बापाचं मरण भावाला कळवायचं विसरली! आजूबाजूच्या चार बायकांनी माना वळवल्या. इनेझ खाली बघत पायऱ्या उतरली. मागून एरॉल आपल्याकडे बघतोय हे तिच्या पाठीला कळत होतं…

सहावं ऊन

"विसरले म्हणालीस काल," मांडवाच्या पलीकडच्या बाजूनं केळी उलटत एरॉल म्हणाला.

"मग काय म्हणायचं होतं?"

तो पुढच्या ओळीला सरकला. "थॉमस अण्णांनी मला मागच्या महिन्यात झापलं. आमचे मोठे मेकॅनिक. रेसमध्ये बोल्ट सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून बारीक तार ओवून पिळतात. यंदा पहिल्यांदा ते काम मला दिलं. पाच वर्षं वाट बघितली मी त्याची! आणि सगळी तार उलटी पिळली. अण्णा म्हणाले, तू डावखुरा नाहीस, मग हात असा का चालतो? कुणी शिकवलं?"

इनेझचे हात थबकले.

"मी म्हटलं, बहिणीनं. आई नव्हती आम्हाला. बुटाची नाडीसुद्धा तिनंच बांधायला शिकवली."

त्यानं खिशातून पुड्यांचे वाळलेले पाच दोर काढले आणि मांडवाच्या कडेला एकेक करून ठेवले.

"टूलबॉक्सच्या झाकणात लावले होते. प्रत्येक रेसच्या आधी हात लावायचो. पप्पांचा हात म्हणून… त्या दिवशी झाकण उघडलं आणि पीळ बघितला. बाय, पप्पा उजव्या हाताचे होते गं!"

ती अजूनही खोटं बोलू शकत होती. पप्पांचा हात थरथरायचा म्हणून एक-दोन मी बांधल्या, उरलेल्या त्यांनीच… शब्द ओठांपर्यंत आले.

"एक तरी त्यांनी बांधली होती?"

"नाही," इनेझ म्हणाली.

"एकही?"

"एकही नाही रे…" आणि वर्षभर कोंडलेलं सगळं फुटून बाहेर आलं. "ते म्हणाले, त्याला बोलावू नको. तू खाटेशी आला असतास आणि त्यांनी तोंड फिरवलं असतं तर? त्या पाच पुड्यांवर तू उभा होतास, एरॉल! माझ्यावर राग धर, पण तेवढं तुझं राहू दे, असं वाटलं मला…"

"आणि वर्षभर माझा अबोला सोसलास?"

तो मांडवाला वळसा घालून आला आणि लहानपणी यायचा तसा तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. तिच्या हाताला केळ्यांचा चिकटा होता. तरी तिनं तो त्याच्या केसांवरून फिरवला.

सातवं ऊन

"ते माझ्याबद्दल खरंच काही बोलले नाहीत?"

"नाही. एकदा तर मी पकडलेच गेले होते," इनेझ रडून सुजलेल्या डोळ्यांनी थोडी हसली. "शेवटच्या वर्षी. तुझी केळी पानात गुंडाळत होते आणि पप्पा अचानक मागे उभे! म्हणाले, ही कुणाची? मी घाबरून तोंडाला येईल ते बोलले, सुझानमावशीची म्हणून. ते बराच वेळ बघत राहिले. एक केळं दाबून पाहिलं. म्हणाले, अजून एक ऊन दे. लांब जायची आहेत…"



एरॉलनं मान वर केली.

"बाय… मावशी तर उमेळ्याला राहते."

उमेळं! रिक्षानं जाऊन चहाच्या वेळेला परत येण्याएवढं उमेळं! वयानं पप्पांचं भान सुटतं, असं समजून ते वाक्य तिनं सोडून दिलं होतं, सुटले बाई म्हणून देवाचे आभार मानले होते… आणि महिन्याभरानं त्याच तोंडातून आलेलं "त्याला बोलावू नको" तिनं सरळ रागाचं धरलं. राग होता की पोराचं काम मोडू नये एवढंच होतं? तिनं विचारलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा विचारायला हवं होतं! आता कुणाला विचारणार?

"मी तुला बोलवायला हवं होतं, एरॉल… चुकले रे मी…"

"मीही न बोलावता यायला हवं होतं."

आठवं ऊन

सकाळी पानं पुसून तयार होती, दोर भिजवलेले होते. एरॉलची निळी बॅग दाराशी भरून ठेवलेली.

"बांधूया?" त्यानं विचारलं.

इनेझनं एक केळं उचललं, दाबून पाहिलं.

"तुझं तिकीट आजचं ना?"

"उद्याचं काढतो," तो म्हणाला.

तिनं दोर बाजूला ठेवले आणि केळी पुन्हा उन्हात मांडायला घेतली. लांब जायची होती.