रिकामा चॅनेल

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय. नायगावला, आमच्या चाळीत, गेल्या गणपतीच्या आदल्या संध्याकाळी.

आमच्या गच्चीवर एका कंपनीचा वायरलेस इंटरनेटचा डबा आहे. हवेतला चॅनेल कुणी वापरतंय का, ते तो ऐकतो. वापरत असेल तर गप्प बसतो. रिकामा असेल तर तिथे इंटरनेट सोडतो.

मात्र सिग्नल ठरलेल्या मर्यादेहून हलका असला, तर डबा त्याला धरतच नाही.

त्याआधीच्या वर्षी मंडळाचा कॉर्डलेस माइक माझ्या बायकोच्या, कौसल्याच्या हातात होता. स्वागताची कमान कलताना तिने पाहिली. माइकवर ओरडली.

स्पीकरमधून नुसती खरखर आली. माइकचा सिग्नल हलका, म्हणून चॅनेल रिकामा समजून डब्याने त्यावरच इंटरनेट सोडलं होतं.

मग ती स्वतःच लोकांना ढकलायला धावली. लोक वाचले. ती कमानीखाली गेली.

कंपनीचा साहेब म्हणाला, “आमचा अडथळा मर्यादेतच होता.”

तर त्या संध्याकाळी डबा अचानक गप्प झाला. माइकचा तोच चॅनेल... कुणीतरी वापरत होतं.

कंपनीचा यशोधन धावत आला. “काका, मंडळाचा माइक चालू राहिलाय.”

“यंदा सगळे वायरचे आहेत.”

“मग भूत असेल!” हसत त्याने डब्याला जोडलेला हेडफोन कानाला लावला.

हसू गेलं. त्याने तो माझ्या हातात दिला.

आत... श्वास.

जिना चढून आली की कौसल्या अशीच धापा टाकायची. मग बोलायला तोंड उघडावं तसं काहीतरी...

“काका, साहेबाचे फोनवर फोन येतायत. मर्यादा वाढवतो. मग डबा याला धरणार नाही.”

“थांब रे. तिचं शेवटचं बोलणं मी ऐकलंच नाहीये. बोलू दे तिला.”

“नोकरी जाईल माझी, काका.”

त्याने वाढवली.

हेडफोनमध्ये खरखर. स्क्रीनवर आलं... रिकामा.

आणि खाली, नव्या कमानीखालचे सगळे एकदम मागे सरले. बाया, पोरं, ढोलवाले.

मी कठड्यावरून मंडळाच्या रामूला हाक मारली, “रामू, काय झालं रे?”

“काय म्हणजे? वहिनी ओरडली ना, मागे सरा म्हणून!”

मग त्याचाच चेहरा उतरला.

स्पीकर अजून जोडलेच नव्हते.

कमान पडली नाही. विसर्जनापर्यंत उभी होती. तिने लोकांना कशापासून मागे सारलं, कुणालाच कळलं नाही.

ढोलवाले वसईचे. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनासुद्धा ती ऐकू आली.

मला नाही.